सिस्टरचा देव

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात देव पुष्कळ. खंडोबाचा टाक आहे, अन्नपूर्णा आहे, रांगता बाळकृष्ण आहे आणि आजोबांनी पंढरपुराहून आणलेली विठ्ठल-रखुमाईची जोडी आहे. याखेरीज बैठकीच्या कोपऱ्यात गवसणी घातलेले दोन तंबोरे उभे असत. आमचे वडील सकाळी आधी तंबोऱ्यांना नमस्कार करीत आणि मग देवघरात जात. आत्याला हा क्रम कधीच पसंत पडला नाही. ‘‘देवापेक्षा भोपळा मोठा का रे?’’ असे ती विचारी आणि वडील नुसते हसत.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना बडोदे संस्थानच्या कलावंत खात्यातल्या अखेरच्या पिढीचे. आजोबा दरबारात गात. बारा-तेराव्या वर्षी नाना त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले आणि त्यांचेही नाव पगारपत्रकावर चढले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. दरबार गेला, पगार गेला, गळा तेवढा राहिला. पुढचा सारा जन्म त्यांनी शिकवण्यांवर काढला. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. आज मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि मीही तोच व्यवसाय करतो.

आज लिहावयाचे आहे ते गाण्याविषयी नव्हे, किंबहुना केवळ गाण्याविषयी नव्हे. २०१८ च्या श्रावणात नाना एका पहाटे उठले ते उजवा हात लोंबकळत. तोंड वाकडे झाले होते आणि ज्या जिभेवरून चौऱ्याऐंशी वर्षे सूर गेले, तिच्यातून ‘हं, हं’ याखेरीज काही उमटेना. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. आम्ही त्यांना इस्पितळात नेले आणि तेथे आमची गाठ एका सिस्टरशी पडली. त्यांचे नाव मी येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. 

सिस्टर केरळातल्या. वय असेल पस्तीसच्या आसपास. गुजराती अस्खलित बोलत, पण वळण मल्याळी. शब्द जणू ताशावर पडल्यासारखे भराभर पडत. गळ्यातल्या बारीक साखळीला क्रूस होता. नानांना त्या ‘दादा’ म्हणत, म्हणजे गुजरातीतले आजोबा, आणि आत्याला ‘बा’. आत्या पहिल्या दिवशी मला म्हणाली, ‘‘मी हिची कसली बा?’’ तिसऱ्या दिवशी मात्र सिस्टरने ‘बा’ म्हणून हाक मारली नाही, तर आत्या दाराकडे पाहू लागे.

सिस्टरची रात्रपाळी रात्री आठला सुरू होई. दिवसपाळीवालीकडून सारे समजून घेतले, की त्या एकेका खाटेपाशी येत. नानांच्या पायथ्याशी खाटेच्या कठड्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत. मी मास्तर माणूस, काळ मोजण्याची खोड. मध्यलयीतल्या तीनतालाची दोन आवर्तने होतील, एवढाच तो वेळ. मग डोळे उघडत, हात धूत आणि कामाला लागत.

आत्याच्या मनात शंका आली. ‘‘काय पुटपुटते रे ती? आपल्या नानाला त्यांच्या देवाच्या हवाली तर करीत नाही ना?’’ वाचक हसतील. परंतु जुन्या घरांतून ही भीती अजून आहे आणि खरे सांगायचे तर ती माझ्याही मनात होती. मी सिस्टरना विचारले. विचारण्याचा स्वर बरा नव्हता, हे मला तेव्हाच कळत होते. स्वर चुकल्याचे कळणे हा तर माझा धंदाच.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘दादांसाठी नाही मागत, सर. माझ्यासाठी मागते. आधीच्या खाटेवरच्या माणसाने शिवी दिली असेल, कोणी अंगावर ओकले असेल. राग येतो. तो हातात राहतो. तो हात तसाच दादांना लावायचा नाही, म्हणून इथे थांबते.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘तुम्हाला आवडत नसेल तर बाहेर उभी राहीन.’’ आणि खरोखरच दुसऱ्या रात्रीपासून त्या बाहेर, हात धुण्याच्या नळापाशी उभ्या राहू लागल्या. मी त्यांना आत बोलावले नाही. ती गोष्ट मला पुढे फार दिवस बोचत राहिली.

शुश्रूषेच्या कामाचा आणि श्रद्धेचा संबंध जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल सोळा वर्षांची असताना, १८३७ सालच्या फेब्रुवारीत, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली असे तिला वाटले. घरच्यांचा विरोध पत्करून ती १८५१ साली जर्मनीतल्या कैसर्सवर्थ येथे ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेत शिकायला राहिली. परंतु १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर जाताना तिने बरोबर घेतलेल्या अडतीस स्त्रियांत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या आणि कोणत्याच पंथात नसलेल्या साध्या पगारी परिचारिकाही होत्या. जखमी शिपायाच्या उशाशी बसून त्याचा पंथ बदलण्याचा उद्योग कोणी करू नये, यावर तिचा कटाक्ष होता. ज्या बाईचे सारे आयुष्य श्रद्धेवर उभे होते, तिनेच श्रद्धेला रुग्णाच्या खाटेपाशी ही मर्यादा घालून दिली.

आपल्याकडे तरी काय वेगळे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुण दिले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांत देवभक्तीचा उल्लेख नाही, अनुरागाचा आहे. हा अनुराग रोज रात्री, दहाव्या-बाराव्या परक्या माणसासाठी, कोठून आणायचा हे मात्र चरकाने परिचारकावर सोडले. कोणी तो देवापाशी मागतो, कोणी आणखी कोठे.

महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणीत होत्या. त्यातच त्यांना प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सत्यशोधकांचा देव म्हणजे निर्मिक. त्याला ना देऊळ, ना बडवे. बारा वर्षांनी, १९०९ साली, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्याचे धाडस केले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या माणसाला भरवणे ही कामे सोवळ्या घरांतल्या बायकांनी करायची! त्यांना किती बोल लागले असतील, याची कल्पना आपल्यासारख्या जुन्या घरांतल्या वाचकांना सहज करता येईल. रमाबाईंची श्रद्धा प्रार्थनासमाजाच्या वातावरणात वाढलेली. म्हणजे देव तीन ठिकाणी तीन, आणि हाताखालचे काम एकच.

असो. इस्पितळात परत येतो, कारण खरा प्रसंग पुढेच आहे.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या विठ्ठलमंदिरातले तीर्थ घेऊन आली. चांदीचे पंचपात्र, पळी, वर तुळशीचे पान. सिस्टरची पाळी संपत आली होती. आत्याने पळी भरली आणि नानांच्या ओठांशी नेली. नानांनी तोंड उघडले. बारा तास उभ्याने राबलेली ती बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कशी धावली, ते मला सांगता येणार नाही. तिने आत्याचे मनगट धरले.

आत्या ऐंशीची. तिचा हात असा कोणी धरला नव्हता. ‘‘आमच्या देवाचे तीर्थ तुला चालत नाही, होय ग?’’ ती कापत म्हणाली. आणि मी, शिकलेला, चार पोरांना शिस्त शिकवणारा मास्तर, आत्याची बाजू घेऊन बोललो. ‘‘तुमच्या देवळातले पाणी असते, तर असेच अडवले असते का?’’

सिस्टरने मनगट सोडले, पळी मात्र सोडली नाही. म्हणाल्या, ‘‘हो. माझी आई अशीच पडली होती. फादर प्रसाद घेऊन आले. आमच्यात त्याहून मोठे काही नाही. मीच त्यांना तोंडात देऊ दिला नाही.’’

खोलीत कोणी बोलेना. मग त्यांनी समजावून सांगितले. अर्धांगाच्या झटक्यात पुष्कळदा गिळण्याची क्रियाही बिघडते. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. त्यातही पाणी सर्वांत धोक्याचे, कारण ते पातळ आणि चपळ. घशाने सावध होण्यापूर्वीच ते खाली घसरते. कित्येकदा रोग्याला ठसकादेखील लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्युमोनिया होतो. नानांच्या गिळण्याची तपासणी झाली होती आणि तीत ते उतरले नव्हते. नाकातल्या नळीतून अन्न देत होते, ते त्यासाठीच. हे आम्हाला आधी सांगितलेही होते. आम्ही मान हलवली होती, ऐकले नव्हते.

नंतर सिस्टरनी जे केले, ते मी विसरणार नाही. त्यांनी खाटेचा उशाकडचा भाग उंच केला, हात धुतले, कापसाचा बोळा घेतला आणि आत्यापुढे हात केला. ‘‘बा, द्या.’’ बोळा तीर्थात बुडवून त्यांनी तो घट्ट पिळला. नुसत्या ओलसर बोळ्याने नानांचे ओठ पुसले, मग हिरड्या, मग गालांची आतली बाजू. एरवी दिवसातून चार वेळा त्या तोंड स्वच्छ करीत, अगदी तस्सेच. केवळ पाण्याऐवजी आज तीर्थ होते. तुळशीचे पान त्यांनी तोंडात घालू दिले नाही, उशाशी ठेवले. पिळलेले पाणी वाटीत होते. ते मोरीत न ओतता त्यांनी विचारले, ‘‘हे कुठे टाकायचे असते?’’ आत्या म्हणाली, ‘‘तुळशीत.’’ सिस्टरनी वाटीवर झाकण घालून ती आत्याच्या हाती दिली.

घरी येताना रिक्षात आत्या बराच वेळ गप्प होती. सूरसागर मागे पडल्यावर म्हणाली, ‘‘तिने माझे तीर्थ सांडू दिले नाही रे.’’

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. सिस्टरची श्रद्धा आणि सिस्टरची विद्या यांत भांडण नव्हते. विद्येने पळी अडवली. परंतु वाटीवर झाकण घालायला कोणत्याही पुस्तकात शिकवीत नसावेत. ज्याला स्वतःला काही पवित्र आहे, त्यालाच दुसऱ्याचे पवित्र कोठे ठेवायचे हे विचारावेसे वाटते.

हे लिहिताना तोल सुटू नये, म्हणून दुसरीही बाजू सांगतो. दिवसपाळीला एक तरुण ब्रदर असे. ‘‘मी देवबिव मानत नाही,’’ असे तो मोकळेपणी सांगे. दर दोन तासांनी नानांना कुशीवर वळवणे, टाचांखाली उशी सरकवणे, माकडहाडापाशी कातडी लाल तर झाली नाही ना हे वाकून पाहणे, यांत त्याने एकदाही हयगय केली नाही. सहा आठवड्यांत नानांच्या पाठीला शय्याव्रण झाला नाही, याचे निम्मे श्रेय त्याचे. तेव्हा श्रद्धा असली तरच हात मऊ होतो, असे मी म्हणणार नाही. आणि आणखी एक. ‘सिस्टर म्हणजे देवी, तिचे काम म्हणजे सेवा’ असे म्हणून आपण हात जोडतो आणि तिचा पगार, तिच्या पाळ्या, तिच्या वाट्याला आलेल्या खाटा यांची चौकशी कोणी करीत नाही. माझ्या आजोबांनाही दरबारी लोक ‘सरस्वतीपुत्र’ म्हणत. घरखर्च काही त्या पदवीवर चालत नसे.

आता गाण्याकडे येतो. नानांना सूर ऐकवले तर बरे वाटेल, म्हणून मी मोबाइलवर जुनी ध्वनिमुद्रणे लावून तो त्यांच्या कानाशी ठेवीत असे, तोही मोठ्याने. एका रात्री सिस्टरनी तो बंद केला. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला झोप येत नव्हती. मला पुन्हा राग आला; पण या वेळी मी तोंड आवरले. पुढे नाइटिंगेलचे परिचर्येवरील पुस्तक वाचले. ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्यात निरर्थक आवाजाने रोग्याचे किती नुकसान होते, यावर एक अख्खे प्रकरण आहे. त्याच प्रकरणात संगीताविषयी चार ओळी आहेत. मानवी गळा, सुषिर वाद्ये आणि ज्या तंतुवाद्यांचा नाद अखंड राहतो ती रोग्याला हितकर. पियानोसारखा तुटक नाद मात्र अपायकारक, असे तिचे निरीक्षण. ती हिंदुस्थानात कधी आली नाही. आली असती, तर तंबोऱ्यापाशी थबकली असती, असे मला वाटते. चरकानेही रुग्णालयाच्या सामग्रीत औषधे, भांडी, परिचारक यांच्याबरोबर गाणारे, वाजवणारे आणि कथा सांगणारे लोक सांगून ठेवले आहेत.

सिस्टरनीच सुचवले, ‘‘गाणे नको, तो मागचा आवाज असतो ना, तेवढाच लावा. हळू.’’ मी नुसता तंबोरा लावला, नानांच्या पट्टीत, काळी एक. पहाटे चारच्या सुमारास, खोलीत निळा दिवा असताना, नानांनी त्यात आपला षड्ज मिळवला. ‘हं हं’ नव्हे, षड्ज. कापरा, पण सच्चा. मी उठून उभा राहिलो. सिस्टर दारात होत्या.

असे का होते, याचे उत्तर आता बरेचसे ठाऊक आहे. बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. चालीच्या, सुराच्या कामात उजव्या भागाचा वाटा मोठा. म्हणून बोलणे गेलेल्या माणसाला कधीकधी गाता येते. या आधाराने शब्द सुरावर चढवून बोलणे परत शिकवण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात तयार झाली. सर्वांना ती लागू पडत नाही. आणि जेथे पडते, तेथेही धीर लागतो. आमच्याकडे वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. मधल्या रात्री कोणी घ्यायच्या? सिस्टरनी मला विचारले, ‘‘दादांचा रोजचा शब्द कोणता?’’ मी म्हटले, ‘‘विठ्ठल.’’

आणि मग रोज रात्री औषधे देऊन झाली की, गळ्यात क्रूस घातलेली ती बाई नानांचा डावा हात हातात घेई, त्यावर ठेका धरी, आणि सा-रे-सा अशा तीन सुरांवर ‘विठ्ठल’ म्हणे. तिचा ‘ठ’ काही केल्या जमेना. दहाव्या-बाराव्या रात्री नाना म्हणाले, ‘‘वि…ठल.’’ उच्चार सिस्टरसारखाच, ठकाराला जरा मल्याळी वळण. आत्या हसली आणि हसता हसता रडली.

मी सिस्टरना विचारले, ‘‘तुमच्या धर्माला हे चालते का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘शब्द दादांचा आहे, सर. हरवला होता, तो शोधून देते. माझा देव यात रागावणार नाही.’’ त्या रात्री मी त्यांना म्हटले, ‘‘उद्यापासून बाहेर नळापाशी उभ्या राहू नका. इथेच थांबत जा.’’ त्यांनी मान हलवली. दुसऱ्या रात्रीपासून त्या पुन्हा पायथ्याशी उभ्या राहू लागल्या. आत्या तेव्हा जपमाळ थांबवी. का, ते मी विचारले नाही.

आमच्या पेशातल्या लोकांना एक आख्यायिका ठाऊक आहे. आपल्या बडोद्याच्या दरबारात काही काळ असलेले अब्दुल करीम खाँसाहेब पुढे मिरजेस राहिले. प्लेगाने आजारी असताना ते तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असे सांगतात. ते तेथेच चिरविश्रांती घेत आहेत आणि त्यांच्या स्मृतीसाठी गवई तेथे हजेरी लावतात. त्याच मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९० च्या दशकात उभे राहिले आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक मुली तेथे परिचर्या शिकल्या. दर्गा आणि दवाखाना एकाच गावात. लहानपणी नाना मला ती कथा सांगत, तेव्हा मी विचारी, ‘‘खाँसाहेब गाण्याने बरे झाले की औषधाने?’’ नाना म्हणत, ‘‘कोणीतरी त्यांना पाणी दिले असेल, अंग पुसले असेल. त्याचे नाव कथेत नाही.’’

नाना दसऱ्याच्या आधी घरी आले. दीड वर्ष जगले. शेवटपर्यंत मोजून सात-आठ शब्द परत आले, आणि ते सारे सुरावरचे. बोलून त्यांनी काही मागितले नाही, गाऊन मागत. २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले.

तेराव्या दिवसानंतर सिस्टर भेटायला आल्या. झोपाळ्यावर बसल्या नाहीत, खाली सतरंजीवर बसल्या. मी त्या पळीच्या दिवशीच्या शब्दांबद्दल माफी मागितली. दीड वर्ष ती मनात घोळत होती. त्या म्हणाल्या, ‘‘सर, रोज कोणीतरी काहीतरी बोलते. तुमचे कोणते, ते आठवत नाही.’’ हे खरे होते की मला हलके करण्यासाठी म्हटले, मला ठाऊक नाही.

निघताना त्या देवघराच्या उंबरठ्यापाशी थांबल्या आणि आत्याला विचारले, ‘‘बा, आत येऊ?’’ आमच्या देवघरात सोवळ्याशिवाय मीसुद्धा कधी गेलो नव्हतो. आत्याने पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘ये ग. तुझे हात मी पाहिले आहेत.’’

सिस्टर आत गेल्या, विठ्ठलापुढे उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. मी बाहेरून मोजले. मध्यलयीतल्या तीनतालाची दोन आवर्तने.